बाई, हा खांब आहे

"शुक्रवारी दुपारी बाराच्या ठोक्याला या घरातला फोन खणखणला नाही, तर मिशी काढून ताटात ठेवीन," असं भावोजी गाडीतून उतरता उतरताच म्हणाले.

शुक्रवारी दुपारी बारा वाजता मिशी जागेवर होती, भावोजी टेबलाखाली होते आणि फोन मेलेला होता. रिसीव्हर कानाला लावला तर काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. शंखात निदान समुद्र तरी ऐकू येतो.

"वायर सैल असेल," भावोजी टेबलाखालून म्हणाले.

"तुम्ही तर म्हणालात, चालू झालाय," ताई म्हणाली.

"चालूच आहे. फक्त बोलत नाहीये."

हे घर तळ्याकाठचं. बाबांनी हौसेनं बांधलं, वर्षातले चार महिने राहायचं आणि थंडी पडायच्या आत नळ रिकामे करून कुलूप लावायचं, या बोलीवर. हंगाम संपून तीन आठवडे झाले होते. आजूबाजूच्या सगळ्या घरांना फळ्या ठोकलेल्या. आमच्याही नळाला पाणी नव्हतं, तळ्यातून बादलीनं आणावं लागत होतं. मोबाईलला रेंज इथे कधीच नव्हती. शहाण्या माणसानं या दिवसांत इथे येऊ नये. आम्ही चौघं आलो होतो. ताई, भावोजी, "माझ्या घराचं कुलूप माझ्याशिवाय कोणी उघडायचं नाही" म्हणून आई, आणि बादल्या उचलायला मी.

आलो होतो एका फोनसाठी. ताई आणि भावोजी मूल दत्तक घ्यायच्या यादीत तीन वर्षं उभे होते. आता त्यांचा नंबर आला होता. संस्थेनं पत्रात लिहिलं होतं: शुक्रवार ते रविवार, सकाळी अकरा ते पाच, आमच्या बाई तुम्हाला फोन करतील. दोनदा करतील. उचलला नाही तर फाईल पुढच्या जोडप्याकडे जाईल आणि तुमचं नाव यादीच्या तळाशी. शिवाय फोन घरचा हवा, तारेचा हवा, मोबाईल चालणार नाही. ज्यांच्या घरात फोन टिकत नाही त्यांच्या घरात मूल काय टिकणार, असं काहीतरी त्या संस्थेचं तत्त्वज्ञान असावं.

शहरातल्या घरातला तारेचा फोन भावोजींनीच चार वर्षांपूर्वी "आता कोण वापरतंय" म्हणत काढून टाकला होता आणि तिथे चपलांचं कपाट ठेवलं होतं. संस्थेच्या फॉर्मवर त्यांनी बेधडक तळ्यावरच्या घराचा नंबर लिहिला. बाबांच्या वेळचा नंबर. बाबांना जाऊन पाच वर्षं झाली, तेव्हापासून लाईन झोपलेली. तिला उठवायला भावोजींनी कंपनीच्या वेबसाइटवर एक अर्ज भरला आणि त्यांना मेसेज आला: 'आपली विनंती मिळाली आहे.' भावोजींनी तो 'फोन सुरू झाला आहे' असा वाचला. आयुष्यात पुष्कळ गोष्टी ते असंच वाचतात. ताईशी त्यांचं लग्नही साधारण याच पद्धतीनं ठरलं.

"संस्थेला दुसरा नंबर कळवा ना," मी म्हटलं.

"कुठून कळवू, मेव्हणे? फोन कुठाय?"

रेंज मिळायची एकच जागा होती. घरामागच्या टेकडीवर, चढायला पंधरा मिनिटं, वर दगडी खांबांवर लोखंडी पाण्याची टाकी, दोन पुरुष उंच. त्या टाकीच्या झाकणावर उभं राहिलं की मोबाईलला दोन काड्या यायच्या. एका पायावर उभं राहिलं तर तीन, असं बाबा म्हणायचे, पण ते कोणी करून पाहिलेलं नव्हतं.

आम्ही सगळेच निघालो. फोन वाजण्याची सोयच नव्हती, तर घरात थांबायचं कशाला.

भावोजी टाकीवर चढले. ताई शिडीच्या मधोमध, मी खाली शिडी धरून, आई बाजूच्या दगडावर. आधी संस्थेला फोन लावला. तिथे मशीन म्हणालं, कार्यालय सोमवारपर्यंत बंद आहे, नोंदवलेला नंबर बदलायचा असल्यास कामकाजाच्या दिवशी लेखी अर्ज करावा. मग कंपनीला लावला. एक दाबा, तीन दाबा, नऊ दाबा, आणि शेवटी एक मुलगी आली. भावोजींनी स्पीकर चालू केला.

"सर, हे हंगामी खातं आहे. हंगाम संपल्यामुळे लाईन निद्रावस्थेत आहे."

"मग उठवा की तिला."

"नक्कीच सर. त्यासाठी खातेदारांशी बोलावं लागेल."

"खातेदार तर..." भावोजी सुरू झाले आणि ताईनं हात वर करून त्यांच्या घोट्याला असा चिमटा काढला की ते झाकणावर थयथयले. खातेदार वारले असं सांगितलं असतं तर मृत्यूचा दाखला, वारसाचा अर्ज आणि एकवीस कामाचे दिवस लागले असते. ताईनं सगळे नियम पाठ केले होते. आमच्याकडे दिवस होते तीन, त्यातला एक अर्धा संपला होता.

"खातेदार इथंच आहेत," ताई मोठ्यानं म्हणाली. "देते हं."

भावोजींनी घसा खाकरला आणि पोटातून आवाज काढला. "हॅलो, मी बोलतोय."

"ते कधी हॅलो म्हणायचे नाहीत," आई दगडावरून म्हणाली.

"आई, गप्प."

"नाहीच म्हणायचे. 'कोण?' म्हणायचे. आणि असे रेड्यासारखे बोलायचे नाहीत."

"कोण?" भावोजी फोनमध्ये ओरडले.

"सर, मी कंपनीतून बोलतेय," मुलगी म्हणाली. "खात्रीसाठी एकच प्रश्न. तुम्ही नोंदवलेला गुप्त प्रश्न आहे: पत्नीला लाडानं काय म्हणता? तीन प्रयत्न आहेत. तिन्ही चुकले तर खातं पंधरा दिवस बंद राहील."

टेकडीवर वारा तेवढा वाजत होता. आम्ही सगळ्यांनी आईकडे पाहिलं.

"ते मी इथं डोंगरावर ओरडून सांगू?" आई म्हणाली.

"इथं कोणी नाहीये गं."

"तुम्ही तिघं आहात की."

"आई," ताई म्हणाली. आवाज अगदी साधा, पण शिडीवरची तिची बोटं पांढरी पडली होती. आईनंही ती पाहिली. ती उठली, माझ्या कानाशी आली आणि कुजबुजली. मी ते ताईला सांगितलं, ताईनं वर भावोजींना.

"राणी," भावोजी पोटातून म्हणाले.

"सॉरी सर, जुळत नाही."

आईचा चेहरा पडला. "मग मैना असेल. लग्नानंतर पहिलं वर्षभर म्हणायचे."

"मैना," भावोजी म्हणाले.

"सॉरी सर. शेवटचा प्रयत्न."

आता आईच्या कपाळावर आठी आली. "मग कोणाचं नाव देऊन ठेवलंय त्यांनी?"

पाच वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला आता त्याच्याच टेकडीवर जबाब द्यावा लागणार, असं दिसायला लागलं. मी ताईकडे पाहिलं, ताईनं माझ्याकडे. उत्तर आम्हा दोघांना माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. दुपारी आई आडवी झाली की बाबा गळ हातात घेऊन दाराआडून आम्हाला विचारायचे, "बघा रे, फौजदार झोपले का?" आईच्या तोंडावर ते नाव पस्तीस वर्षांत कोणी घेतलेलं नव्हतं.

"सर? लाईनवर आहात का?"

ताईनं डोळे मिटले. "फौजदार," ती म्हणाली.

भावोजी वरून खाली बघत राहिले. "काय?"

"म्हणा."

"फौजदार," भावोजी म्हणाले, यावेळी स्वतःच्याच आवाजात.

मुलगी टाईप करत होती. एकेक अक्षर ऐकू येत होतं. आई माझ्याकडे बघत होती. मी शिडीच्या पायरीत एक खिळा होता त्याच्याकडे बघत होतो.

"धन्यवाद सर. बरोबर आहे. किती गोड." मग ती म्हणाली की लाईन उठवलेली आहे, उद्या नऊ ते सहाच्या दरम्यान लाइनमन येऊन जोडून जाईल, आणखी काही सेवा करू का.

आईनं लुगड्याची नसलेली धूळ झटकली आणि एकटीच टेकडी उतरायला लागली. त्यानंतर ती आमच्याशी फक्त कामापुरतं बोलली. "पाणी संपलंय." "दार लावा." अशी दोन-दोन शब्दांची वाक्यं, आणि प्रत्येक वाक्य आरोपपत्रासारखं.

शनिवारी अकरा वाजता ताई मेलेल्या फोनसमोर खुर्ची टाकून बसली. संस्थेच्या बाई नेमक्या कधी फोन करणार माहीत नव्हतं आणि लाइनमन नेमका कधी येणार तेही माहीत नव्हतं. दोघांपैकी आधी कोण, यावर सगळं होतं. बारा वाजले. साडेबारा. भावोजी दर पाच मिनिटांनी वळणापर्यंत जाऊन रस्ता बघून येत होते, जसं काही बघितल्यानं रस्ता आखडतो.

लाइनमन एक वाजता आला. पन्नाशीचा, जाडगेला, सावकाश माणूस. गाडीतून उतरल्यावर त्यानं आधी तळं पाहिलं, मग आमचं घर, मग खांब, मग स्वतःचे गुडघे.

"जुना आहे," तो म्हणाला. खांबाबद्दल की गुडघ्याबद्दल, कळलं नाही.

"दादा, जरा लवकर," भावोजी म्हणाले. "आमच्या मुलाचा प्रश्न आहे."

"किती वर्षांचा आहे?"

"अजून नाहीये."

लाइनमननं त्यांच्याकडे नीट बघून घेतलं आणि पट्टा कमरेला बांधला. तो चढला. एक पायरी, थांबला. दुसरी पायरी, थांबला. वर पोचायला त्याला बारा मिनिटं लागली, मी घड्याळ लावून बघितलं. वर त्यानं पेटी उघडली, तारा वेगळ्या केल्या, आणि कमरेचा चाचणीचा रिसीव्हर काढून त्याचे चिमटे तारांना लावले. घरातली तार त्यानं अजून जोडलेली नव्हती.

भावोजी आणि मी खाली मान वर करून उभे. ताई आत, रिसीव्हर कानाशी. आई खिडकीत.

थोड्या वेळानं लाइनमन वर कोणाशी तरी काहीतरी बोलला. ऑफिसशी बोलत असेल असं आम्हाला वाटलं. मग त्यानं घरची तार जोडली आणि आतून ताई ओरडली, "आला, आवाज आला." भावोजींनी मला मिठी मारली. मिशी माझ्या कानात गेली.

लाइनमन बारा मिनिटांनी खाली उतरला, हात पुसले आणि म्हणाला, "लाईन झकास आहे. चाचणी चालू असताना कॉलपण आला एक."

"ऑफिसचा ना?" भावोजी म्हणाले.

"नाही. कोणी बाई होत्या."

ताई दारात आली होती. ती तिथेच थांबली.

"काय म्हणाल्या?"

"विचारत होत्या, हे अमक्यांचं घर का? म्हटलं, बाई, हा खांब आहे."

भावोजींनी मान वर करून खांबाकडे पाहिलं.

"त्या म्हणाल्या, खांब म्हणजे? म्हटलं, खांब म्हणजे खांब. घर तिकडे खाली आहे, त्यांचं अजून जोडलेलं नाही." तो आमच्या चेहऱ्यांकडे बघून जरा अडखळला. "मला खोटं बोलता येत नाही हो."

"अहो, मग खाली हाक मारायचीत," ताई म्हणाली.

"चढलेल्या माणसानं खाली बघू नये असा नियम आहे ताई. चक्कर येते."

"पुन्हा करते म्हणाल्या का?"

"म्हणाल्या, एक नोंद करते." त्यानं चिमटे गुंडाळले. "सही कोण करतंय? खातेदार?"

खातेदाराची सही भावोजींनी केली. हात इतका थरथरत होता की ती बाबांच्या सहीसारखीच आली.

म्हणजे दोनपैकी एक गेला. पहिला फोन आला होता आणि तो एका खांबानं उचलला होता. आता उरला एकच, आणि तो खांबाशी बोलून हादरलेल्या बाई करणार होत्या, केला तर.

चार वाजता फोन वाजला. त्या चकतीवाल्या काळ्या फोनची घंटा आगीच्या बंबासारखी आहे. ताईनं पहिली रिंग पुरी व्हायच्या आत उचलला. पलीकडून रेकॉर्ड केलेला आवाज म्हणाला, आपण आमच्या सेवेबद्दल किती समाधानी आहात, एक ते पाच यापैकी सांगा. ताईनं घाईघाईनं पाच, पाच, पाच असं सुटता येईल तितक्या लवकर सांगून टाकलं. घरात किती माणसं राहतात यालाही पाच सांगितलं. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "आपण चौघंच आहोत." आणि मग तिला एकदम रडू आलं. भावोजी तिच्या खुर्चीमागे उभे राहिले, त्यांना हात कुठे ठेवावा कळेना, शेवटी त्यांनी तो फोनवर ठेवला. पाच वाजेपर्यंत दुसरा फोन आला नाही.

रविवारी सकाळी नवीनच सुरू झालं. फोनमध्ये खरखर यायला लागली. आवाज होता, पण मागे कोणीतरी कढईत मोहरी टाकल्यासारखी तडतड.

"यात बाईंचं बोलणं ऐकू आलं नाही तर?" भावोजी म्हणाले.

"जावईबापू," आई म्हणाली, "चालू आहे ते चालू राहू द्या." शुक्रवारपासूनचं तिचं हे सगळ्यात लांब वाक्य होतं आणि सगळ्यात शहाणं. पण वचन देऊन बसलेल्या पुरुषाला नुसतं बसवत नाही. बारा वाजता भावोजी मोबाईल घेऊन तक्रार करायला टाकीकडे गेले.

बारा पंचवीसला फोन वाजला.

ताईनं उचलला. "हो, मीच बोलतेय," ती म्हणाली. "नाही, खांब नाही. घर आहे." मग ती बराच वेळ नुसती ऐकत होती, एका कानात बोट घालून. मग तिनं रिसीव्हर हातानं झाकला आणि माझ्याकडे वळली. "दोघांचा होकार हवाय. याच फोनवर. बाई दहा मिनिटं थांबतील. पळ."

मी पळालो. पंधरा मिनिटांची चढण मी सात मिनिटांत चढलो, आणि चढताना लक्षात आलं की भावोजींनाही ती उतरायची आहे.

टाकीवर भावोजी एका पायावर उभे होते. "खरखर, मॅडम. खर्र-खर्र. अशी," असं ते फोनमध्ये करून दाखवत होते.

"भावोजी, फोन आलाय. चला."

त्यांनी मला हातानं थांबायची खूण केली.

"नक्कीच सर," स्पीकरवरची मुलगी म्हणाली, "मी आता तुमची लाईन रीसेट करते. दोन मिनिटं बंद राहील, मग खरखर जाईल."

मी शिडी कशी चढलो आठवत नाही. वर जाऊन त्यांचा दंड धरला. "ताई त्या लाईनवर आहे. बाई त्या लाईनवर आहेत."

भावोजींचा दुसरा पाय खाली आला आणि एक काडी गेली. "रीसेट नको," ते ओरडले. "मॅडम, करू नका."

"सर, तक्रार सिस्टीममध्ये गेलीय. मागे घ्यायची असेल तर खातेदारांनीच..."

"कोण?" भावोजी पोटातून म्हणाले. "मी आहे. तक्रार मागे."

"कारण सांगाल सर? इथे भरावं लागतं."

"कारण..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे कारण नव्हतं, श्वाससुद्धा नव्हता. "खरखर आवडायला लागलीय."

"'ग्राहक समाधानी' असं लिहू का?"

"लिहा, लिहा."

"एक मिनिट थांबा सर, होल्डवर ठेवते."

बासरी वाजायला लागली. भावोजींनी मोबाईल माझ्या हातात कोंबला. "मेव्हणे, तुम्ही हलू नका. ती रीसेट करणार नाही एवढं बघा." आणि ते उतरले. उतरले म्हणजे शेवटच्या चार पायऱ्यांवरून उडी मारली. शिडी त्यांच्या मागून कलली आणि उताराला लागली. एका झुडपाला अडकून पार खाली थांबली. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. पळताना एकदा पडले, एक बूट मागे राहिला, तोही त्यांनी राहू दिला.

टाकीवरून घर दिसतं. अंगण, पायऱ्या, गाडी. माणसं बोटाएवढी. बारा अडतीसला, एकाच बुटावर, भावोजी दारातून आत गेलेले मला दिसले. फोन येऊन तेरा मिनिटं झाली होती. बाईंनी दहा सांगितली होती.

बासरी संपली, मुलगी म्हणाली की तक्रार मागे घेतली आहे, आणि फोन कट झाला. खाली दार बंद. अंगणात कोणी नाही. बारा पंचेचाळीस. बारा पन्नास. मी टाकीवर उभा होतो आणि मला काहीच करता येत नव्हतं.

बारा बावन्नला ताई बाहेर आली आणि पायरीवर बसली. डोकं गुडघ्यात. इतक्या लांबून माणूस हसतोय की रडतोय कळत नाही, दोन्हीत खांदे तसेच हलतात. मग भावोजी बाहेर आले, त्यांनी पाण्यानं भरलेली बादली उचलली आणि त्या थंडीत स्वतःच्या डोक्यावर ओतून घेतली. मग मला कळलं, जमलं. मी टाकीच्या झाकणावर खाली बसलो.

आत काय झालं ते मला पुढे कळलं. दहा मिनिटं होत आली तशी बाई म्हणाल्या, "माफ करा, मला अजून तीन घरांना फोन करायचे आहेत." ताई दाराकडेच बघत राहिली. तेव्हा आईनं तिच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला.

"मुलीची आई बोलतेय," ती म्हणाली. "रविवारचं काम करता, घरी मुलांना कोण बघतं?"

"आजी, नियमानुसार..."

"नियम मला सांगू नका. मी एकतीस वर्षं शाळेत हजेरी घेतलीय. किती मुलं तुम्हाला?"

"दोन," बाई म्हणाल्या.

"धाकटा जेवत नाही ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"धाकटा कधीच जेवत नाही. काय देता त्याला?"

फौजदारांनी बाईंची चौकशी केली. धाकट्याचं जेवण, थोरल्याचं अक्षर, सासूचा गुडघा, नवऱ्याची बदली. बाई मध्ये एकदा "हो बाई" म्हणाल्या, आपल्या जुन्या शिक्षिकेला म्हणावं तसं. इतक्यात भावोजी आत आले. आईनं रिसीव्हर त्यांच्या तोंडाला लावला. त्यांना श्वास लागला होता, त्यांनी "हो" म्हटलं ते नुसतंच घरघरलं.

"ही खरखर आहे की होकार?" बाईंनी विचारलं.

"होकार आहे," आई म्हणाली. "आमच्याकडे तो असाच येतो."

तरी बाईंनी दोघांकडून तीनतीनदा स्पष्ट म्हणवून घेतलं, सगळे प्रश्न विचारले आणि नोंद केली. मुलगी आहे, सात महिन्यांची. सोमवारी सकाळी दहा वाजता दोघांनी यायचं, सोबत एक गरम पांघरूण आणायचं. फोन ठेवताना बाई म्हणाल्या, "आजींनाही आणा."

शहर पाच तासांवर होतं. त्यांनी लगेच आवरायला घेतलं. मी टाकीवरून ओरडत होतो, पण वारा माझ्याकडे येत होता, माझ्याकडून जात नव्हता. खाली उडी मारावी तर दगड. शेवटी घरचा नंबर लावला. एंगेज. पुन्हा लावला, एंगेज. पाऊण तास एंगेज होता. आई सगळ्या नातेवाइकांना बातमी देत होती, ती आता सगळ्यांशी बोलायला लागली होती.

घरात उंदीर कुरतडतात म्हणून त्यांनी सगळ्या गाद्या गाडीच्या मागच्या सीटवर, आईपुरती जागा सोडून, छतापर्यंत रचल्या. आईला वाटलं, मी गाद्यांमागे झोपलोय. ताईला वाटलं, आईला माहीत असेल. भावोजी काही वाटून घेण्याच्या स्थितीत नव्हते. दोन वाजता त्यांनी दाराला कुलूप लावलं, गाडी वळणावरून गेली आणि दिसेनाशी झाली.

मी घरचा नंबर पुन्हा लावला. या वेळी रिंग गेली. खरखर अजिबात नव्हती. घरात कोणी नव्हतं.